दहा मैल आणि पाच किलोमीटर

दौंडहून मनमाडकडे निघालेली आगगाडी भीमेचा पूल ओलांडून नगरच्या उघड्या माळावरून धावू लागली, म्हणजे रुळांखालचा मातीचा भराव कोसच्या कोस कसा एकसारखा पसरलेला आहे, हे खिडकीतून पाहणाऱ्या फारच थोड्यांच्या ध्यानात येते. आणि तो भराव कोणी घातला, हा प्रश्न तर त्याहूनही थोड्यांच्या मनात उद्भवतो. १८७६ साली दख्खनच्या सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, कलादगी या जिल्ह्यांवर पावसाने पाठ फिरविली, खरीप करपले, रब्बीची पेरणीच झाली नाही, आणि गावेच्या गावे गुरेढोरे विकून, घरांची आढी उतरवून, पाटीकुदळ घेऊन सरकारी कामांच्या दिशेने चालू लागली. त्या माणसांच्या हातांनी हा भराव उभा राहिला. १८७८ मध्ये त्यावरून गाडी धावू लागली. नीरेच्या डाव्या कालव्याच्या खोदाईलाही त्याच दुष्काळात प्रारंभ झाला. परंतु या मातीला मजुराचा हात लागण्यापूर्वी त्याला आणखी एक काम करावे लागत असे, आणि ते खोदकामाहून अवघड होते. आपण खरोखर उपाशी आहोत, हे त्याला सरकारला पटवून द्यावे लागत असे.

सरकारी खर्चाने चालणाऱ्या कामावर, शिक्षणावर वा साहाय्यावर कोणाचा हक्क पोचतो आणि कोणाचा पोचत नाही, हे ठरविण्याला आज आपण ‘पात्रता’ म्हणतो, आणि अर्जाच्या नमुन्यावर तिच्यासाठी एक रकाना मोकळा सोडलेला असतो. हा रकाना कोठून आला, त्यात काय लिहिले जात होते आणि ते लिहिणारा हात कोणाचा होता, याचा महाराष्ट्रापुरता इतिहास शोधू गेल्यास तो दुष्काळाच्या दप्तरात सापडतो. आणि माझ्या मते आपल्या अर्वाचीन सामाजिक इतिहासातील तो एक अत्यंत महत्त्वाचा, परंतु फार थोडा वाचला गेलेला भाग आहे.

‘पात्र’ हा शब्द आपल्याकडे दानधर्मातून आला. दान देताना देश, काल आणि पात्र पाहावे, असा शास्त्रकारांचा दंडक. सत्पात्री दान पुण्यप्रद, अपात्री दान व्यर्थ. येथे पारख करणारा सर्वस्वी दाता असतो आणि घेणाऱ्याने स्वतःविषयी काही बोलावयाचे नसते. इंग्रजांनी या देशात जी कल्पना बरोबर आणली, ती दिसावयास निराळी होती, पण पारखीचा अधिकार तीतही देणाऱ्याच्याच हाती होता. १८३४ साली इंग्लंडात गरिबांच्या साहाय्याचा जो नवा कायदा झाला, त्याच्या मुळाशी असे तत्त्व होते की, सार्वजनिक निधीवर जगणाऱ्याची स्थिती स्वतःच्या श्रमावर जगणाऱ्या कनिष्ठात कनिष्ठ मजुराच्या स्थितीपेक्षाही कमी हवीशी वाटली पाहिजे. साहाय्य इतके कष्टप्रद, इतके अप्रतिष्ठित करून ठेवावे, की ज्याला अन्य कोणताही मार्ग उरलेला नाही, तोच ते पत्करील. म्हणजे अधिकाऱ्याला प्रत्येकाची चौकशी करीत बसण्याचे प्रयोजन नाही, कारण साहाय्याचा कडवटपणाच खऱ्या गरजूला खोट्यापासून वेगळे काढील. या विचारातील तर्कशुद्धता नाकारता येत नाही. त्या तर्काचे माप मात्र माणसाच्या सहनशक्तीच्या शेवटच्या टोकाला लावलेले होते, आणि ते टोक नेमके कोठे आहे हे त्या माणसाचा देह कोसळल्यावरच कळत असे.

हे तत्त्व दख्खनमध्ये पोचले ते सर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर. या गृहस्थांची कथा मोठी विलक्षण आहे. १८७४ च्या बिहारमधील दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून इतक्या मुक्तहस्ताने वाटप केले, की तेथे भूकबळींची संख्या अत्यल्प राहिली. आणि या यशाबद्दल त्यांच्या वाट्याला प्रशंसेऐवजी उधळेपणाचा ठपका आला. तो ठपका पुसून काढण्याची संधी त्यांना १८७७ च्या जानेवारीत मिळाली. दिल्लीला राणी व्हिक्टोरियाच्या सम्राज्ञीपदाचा दरबार नुकताच पार पडला होता आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दुष्काळी खर्चाला आळा घालण्यासाठी टेंपलसाहेबांना मद्रास आणि मुंबई इलाख्यांत धाडले. त्यांनी जी मजुरी ठरविली ती पुढे ‘टेंपल-मजुरी’ या नावानेच कुप्रसिद्ध झाली: दिवसभर खडी फोडणाऱ्या प्रौढ पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी, एवढ्या अन्नावर कष्टाचे काम करणारा देह टिकणार नाही, असे निक्षून बजावले. त्यांच्या झगड्यानंतर मद्रासेत हे प्रमाण पुढे वाढविण्यात आले.

मजुरीच्या जोडीला दुसरी कसोटी होती ती अंतराची. ज्याचे घर कामापासून दहा मैलांच्या आत आहे त्याला त्या कामावर घ्यावयाचे नाही. त्याने दूरच्या कामावर जावे, तेथील छावणीत राहावे आणि रात्री घरी परतण्याचा विचार सोडून द्यावा. सरकारची विचारसरणी अशी की, घराजवळ काम मिळाले तर ज्याच्या कणगीत अजून चार पायली जोंधळा शिल्लक आहे तोही येऊन उभा राहील. परंतु घरदार, म्हातारी माणसे, उरलेसुरले एखादे जनावर मागे टाकून दहा मैल चालत येणारा माणूस खराच गांजलेला असला पाहिजे. कागदावर ही युक्ती निर्दोष दिसते. प्रत्यक्षात या दहा मैलांनी कोणाला गाळले असेल, याचा विचार केला म्हणजे मन विषण्ण होते. तान्हे मूल असलेली बाई, अर्धपोटी राहून ज्याच्या पायांतील बळ गेले आहे असा म्हातारा, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला सोडून जाऊ न शकणारी सून, ही सर्व माणसे अंतराच्या कसोटीस उतरली नाहीत, आणि जी उतरली नाहीत त्यांना गरज नव्हती असे दप्तरात नोंदले गेले. सर्वांत अशक्त असलेल्यालाच सर्वांत लांब चालावयास लावणारी ही पारख होती.

तथापि दख्खनच्या रयतेने ती निमूटपणे सोसली नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. १८७७ च्या प्रारंभी मुंबई इलाख्यात कमी मजुरीचा हुकूम लागू होताच आणि घराजवळच्या लहान कामांवरून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर हलविण्यास सुरुवात होताच, हजारो मजुरांनी हातातील कुदळी खाली ठेवल्या आणि ते कामे सोडून चालते झाले. दंगा नाही, लूट नाही. उपाशी माणसांनी अन्न देणाऱ्या कामावर टाकलेला तो बहिष्कार होता. पुण्याची सार्वजनिक सभा आणि तिचे प्राणभूत चिटणीस गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सारा महाराष्ट्र सार्वजनिक काका म्हणून ओळखतो, त्यांनी या लोकांची बाजू उचलून धरली. जिल्ह्याजिल्ह्यांतून वृत्तांत मागवून, कोठे किती माणसे कामावरून गेली आणि गावी परतल्यावर त्यांचे काय झाले, याची माहिती देणारे अर्ज सभेने सरकारकडे एकामागून एक धाडले. सरकारने या घटनेचा अर्थ आपल्या तत्त्वाप्रमाणे लावला: ज्याअर्थी लोक काम सोडून जाऊ शकतात, त्याअर्थी त्यांना कामाची निकड नव्हती. ज्या कसोटीत नापास होणारा माणूस नेहमीच लबाड ठरतो आणि कसोटी मात्र कधीच चुकीची ठरत नाही, ती न्यायाची कसोटी नव्हे, एवढे तरी सभेच्या अर्जांनी जगापुढे आणले. या दोन वर्षांत ब्रिटिश मुलखात सुमारे ५२ लाख माणसे अधिक मेली, असा पुढे सरकारच्याच आयोगाचा अंदाज होता.

तो आयोग म्हणजे सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोग. त्याचा अहवाल १८८० साली आला, त्यावरून १८८३ मध्ये दुष्काळ-संहितेचा नमुना तयार झाला आणि प्रत्येक इलाख्याने आपापली संहिता बनविली. या संहितांना केवळ दूषण देऊन मोकळे होणे अन्यायाचे होईल. दुष्काळात प्रजेचे प्राण वाचविणे हे सरकारचे कर्तव्य आहे, ही गोष्ट त्यांनी प्रथमच कलमवार लिहून काढली. धडधाकटांना काम, अशक्तांना फुकट अन्न, निराधारांना अन्नगृह अशी व्यवस्था लावली. आणि मामलेदारापासून कलेक्टरापर्यंत प्रत्येकाने केव्हा काय करावयाचे ते ठरवून दिले. परंतु श्रम हीच गरजेची मुख्य कसोटी, हे सूत्र कायम राहिले. आयोगाचे दोन सभासद, जेम्स केअर्ड आणि सलिव्हन, यांनी आपले भिन्न मत नोंदविले. बहुमत मात्र जुन्या तत्त्वाच्याच बाजूचे होते. आणि या संहितांत एक मोठी उणीव होती, जी त्या काळच्या राज्यपद्धतीत दिसणेही कठीण होते. सरकारने काय करावे हे त्यांत लिहिले होते, पण सरकारने ते केले नाही तर रयतेने कोणाकडे दाद मागावी, हे कोठेच लिहिलेले नव्हते.

ही उणीव ज्याने हेरली तो पुरुष लोकमान्य टिळक. १८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी ‘केसरी’तून या इंग्रजी संहितेतील तरतुदी मराठीत, शेतकऱ्याला समजतील अशा शब्दांत, सांगण्यास प्रारंभ केला. पीक अमुक आण्यांच्या खाली गेले असेल तर सारा तहकूब होण्यास तुम्ही पात्र आहात, काम मागण्याचा तुमचा अधिकार आहे, सरकारने स्वतःच लिहून ठेवलेला हा नियम आहे, तेव्हा भीक मागू नका, नियमाप्रमाणे वागण्याची मागणी करा, असा त्या लिखाणाचा रोख होता. सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव फिरून हेच समजावून देऊ लागले. वरवर पाहता यात राजद्रोहाचा लेशही नव्हता. सरकारचाच कायदा सरकारच्याच प्रजेला वाचून दाखविणे एवढेच ते होते. पण पात्र कोण हे ठरविण्याचा जो अधिकार आजवर दात्याकडे होता, तो अशा वाचनाने घेणाऱ्याच्या हाती जाऊ लागतो, हे सत्ताधाऱ्यांनी अचूक ओळखले, आणि १८९७ च्या मार्चमध्ये सार्वजनिक सभेची सरकारमान्यता काढून घेण्यात आली. दुष्काळाची कामे पुढे १८९९-१९०० च्या भयंकर वर्षातही निघाली, आयोगही आणखी दोन बसले, कलमे थोडीफार सुधारली. पण त्यानंतरची सत्तर वर्षे मूळ प्रश्न जेथल्या तेथेच राहिला.

मधल्या काळात पात्रतेची एक सर्वस्वी निराळी कल्पना शहरांतून उदयास आली. दुसऱ्या महायुद्धात कारागिरांची टंचाई पडली तेव्हा सरकारने तरुणांना सरकारी खर्चाने यंत्रविद्या शिकविण्याच्या योजना काढल्या, आणि युद्ध संपताच सैन्यातून मोकळ्या झालेल्या माणसांना पुन्हा उद्योगास लावण्यासाठी १९४५ च्या जुलैमध्ये सेवायोजनाचे खाते उभारले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. पुढे ही सेवायोजन कार्यालये सर्वांना खुली झाली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षणाची योजना आली आणि तिच्यातून जिल्ह्याजिल्ह्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्था वाढल्या. १९६१ च्या कायद्याने कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घेणे भाग पाडले. माझ्या पिढीच्या पुष्कळ घरांत ‘एक्स्चेंजचे कार्ड’ ट्रंकेतल्या दाखल्यांबरोबर जपून ठेवलेले असे, आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख चुकू नये म्हणून ती दिनदर्शिकेवर खूण करून ठेवलेली असे. या जगात पात्रता म्हणजे वय, इयत्ता, गुण आणि जातीचा दाखला. ती सिद्ध करण्यासाठी कागद लागे. आणि ज्याच्या घरी शाळेचाच कागद नव्हता, त्या कोरडवाहू गावच्या मजुराला या कार्यालयाचे दार ठाऊकही नव्हते. शिकलेल्याचे बेकारपण नोंदवहीत मोजले जात होते. न शिकलेल्याचे बेकारपण उन्हाळ्याच्या चार महिन्यांसारखे नैसर्गिक मानले जात होते.

वि. स. पागे यांचे मोठेपण असे की, त्यांनी ते नैसर्गिक मानले नाही. १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती असलेला, गांधीविचारात वाढलेला हा शांत गृहस्थ सांगली जिल्ह्यातील तासगावकडचा. पावसाळा सरल्यावर गावातील मजुराला काम का नसते आणि ते देण्यास खरोखर किती पैसा लागेल, असा साधा हिशेब त्यांनी मांडला आणि तासगाव तालुक्यात प्रयोगही करून पाहिला. बांधबंदिस्ती, विहिरी, नाले अडविणे ही कामे गावाला हवीच आहेत. ती करणारे हातही गावातच रिकामे आहेत. मग सरकारने दोहोंची गाठ का घालून देऊ नये? या हिशेबातून रोजगार हमी योजना निघाली आणि ती १९७२ साली राज्याच्या कार्यक्रमात समाविष्ट झाली. आणि तिची शाई वाळते न वाळते तोच दुष्काळ येऊन ठेपला.

बहात्तरचा दुष्काळ सांगणारी माणसे अजून गावोगाव आहेत. तांबडा मिलो, सुकडीची पाकिटे, खडी फोडून फुटलेली नखे, रात्री मैलोन्‌मैल जळणाऱ्या चुली, आणि जमीनदाराची सून नि तिच्याच शेतावर राबणारी मजूरबाई एका रांगेत पाटी उचलताना दिसल्याचे नवल, हे सर्व त्यांच्या बोलण्यात येते. धान्य निम्म्याने घटले होते. १९७३ च्या मे महिन्यात राज्याच्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती; एवढी माणसे एका वेळी सरकारी कामावर असल्याचा दुसरा प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात नाही. १८७७ मध्ये या संख्येला सरकारने आपल्या कसोटीचे अपयश मानले असते. १९७३ च्या सरकारला मात्र लोकांनी, मोर्च्यांनी, संपांनी, विधानसभेतल्या आणि माळावरच्या विरोधी पक्षांनी हे मान्य करावयास लावले की येणारा प्रत्येक माणूस योग्य कारणानेच आला आहे. मतदान करणाऱ्या रयतेने अहवालाची वाट पाहिली नाही. मिलो आणि सुकडी वाटणाऱ्या त्या वर्षांत लोकांचे अतोनात हाल झाले, गुरे संपली, कर्ज चढले. पण १८७७ सारखी प्रेतांची रास पडली नाही.

दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप आले. दोन्ही सभागृहांनी तो कायदा एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. लोकांनी त्याचे सार तीन शब्दांत सांगितले: मागेल त्याला काम. या कायद्यातील पात्रतेचे कलम मी अनेकदा वाचले आहे आणि प्रत्येक वेळी त्यातील वगळलेल्या गोष्टींनीच मला अधिक स्तिमित केले आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेली, ग्रामीण भागात राहणारी आणि अंगमेहनतीचे अकुशल काम करण्यास तयार असलेली कोणतीही व्यक्ती. एवढेच. उत्पन्नाचा दाखला नाही, जातीचा नाही, जमीन किती याची पृच्छा नाही, दुष्काळ जाहीर झाला आहे की नाही याचा संबंध नाही, आणि कुटुंबातल्या एकालाच काम असाही निर्बंध नाही. नवरा, बायको, सून, सासू, ज्याने त्याने स्वतःच्या नावाने मागावे. तलाठ्याकडे वा ग्रामसेवकाकडे नोंद करावी, नमुना चार भरून काम मागावे, निदान सलग तीस दिवस काम करण्याची तयारी दाखवावी; आणि मागणीपासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर सरकारने त्या व्यक्तीला दिवसाला निदान एक रुपया बेकारी भत्ता द्यावा.

आणि अंतर? काम शक्य तो पाच किलोमीटरच्या आत असावे, असे योजनेचे धोरण ठरले. दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर. टेंपलसाहेबांच्या नियमात अंतर हे मजुरावर घातलेले ओझे होते. येथे ते सरकारवर घातलेले बंधन झाले. एकाच आकड्याची बाजू अशी पालटावयास शंभर वर्षे लागली. श्रमाची कसोटी उरलीच, हे खरे; काम कठीण होते, मजुरी मापावर होती, ब्रास मोजून मिळे, आणि ज्याला घरबसल्या दुसरे काही साधेल तो येणार नाही हा हिशेब याही योजनेच्या पोटात होता. पण ‘मी गरजू आहे’ हे आता दुसऱ्या कोणी ठरवावयाचे नव्हते. बाई स्वतः सांगणार होती, आणि तिचे सांगणे हाच पुरावा होता.

बाई, असे मी सहज लिहिले नाही. या कामांवर स्त्रियांची संख्या प्रारंभापासून फार मोठी, कित्येक ठिकाणी निम्मी वा त्याहून अधिक राहिली, आणि याचे कारण पात्रतेच्या त्या साध्या व्याख्येतच आहे. जमीन नवऱ्याच्या नावावर, रेशनपत्रिका नवऱ्याच्या नावावर, कर्ज नवऱ्याच्या नावावर. कोणताही दाखला मागणाऱ्या योजनेच्या दारात ही बाई ‘अमक्याची बायको’ म्हणूनच उभी राहिली असती. येथे तिला हजेरीपटावर स्वतःचे नाव मिळाले, आणि मापाचा दर बाईमाणसाला व पुरुषाला एकच लागला. कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लेकरांसाठी पाळणाघर असावे असेही नियमात होते. पाळणाघर पुष्कळदा लिंबाच्या झाडाला बांधलेली झोळी एवढेच असे. तरी ते मागता येत होते.

या योजनेला पैसा कोठून आला, हे जितक्यांना ठाऊक असावयास हवे तितक्यांना नाही. १९७५ साली राज्याने व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकरी यांवर कर बसविला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ म्हणून जी लहानशी कपात दिसे, ती याच निधीसाठी. राज्यघटनेच्या तेव्हाच्या मर्यादेमुळे ती एका माणसामागे वर्षाला २५० रुपयांच्या वर जाऊ शकत नव्हती. त्याच्या जोडीला बागायत जमिनीवर आणि अन्य काही बाबींवर अधिभार होता, आणि जेवढे जमेल तेवढ्याच रकमेची भर राज्य आपल्या तिजोरीतून घालीत असे. फोर्टमधल्या कचेरीतील कारकून आणि माणच्या माळावर नालाबंडिंगची माती उचलणारी बाई यांना एका धाग्याने बांधणारा हा कर होता, आणि हा धागा दोघांनाही दिसत नव्हता याची मला नेहमी खंत वाटत आली आहे.

व्यवहारात पात्रतेचा रकाना पुन्हा दुसऱ्यांच्या हाती जाऊ लागला, तो मात्र मागल्या दाराने. नमुना चार भरून दिला तरी त्याची तारखेसह पोच मिळत नसे; पोच नाही म्हणजे मागणी नाही, मागणी नाही म्हणजे पंधरा दिवसांचे गणित नाही, आणि मग भत्त्याचा प्रश्नच उद्भवत नसे. बेकारी भत्ता प्रत्यक्षात फारच क्वचित दिला गेला. निदान पन्नास मजूर जमल्यावाचून काम सुरू होत नसे, त्यामुळे वस्तीवरची बारा माणसे थांबून राहत. माप उशिरा, मजुरी त्याहून उशिरा. आणि हजेरीपटावर कधीही माती न उचललेल्यांची नावे. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध मजूरबाईने मला एकदा सांगितले होते की, तिच्या आयुष्यात तिने दोनच कागद जपून ठेवले, एक नवऱ्याच्या मृत्यूचा आणि दुसरा, फार भांडून मिळविलेली, काम मागितल्याची पोच. मजुरांच्या संघटनांनी जे लढे केले, त्यांतील कित्येकांचा विषय मजुरीवाढ नसून ही पोच होता. आणि बारकाईने पाहिले तर तो टिळकांनी ‘केसरी’त मांडलेलाच विषय होता.

१९९० च्या सुमारास योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली. आंबा, बोर, डाळिंब, चिकू यांनी कोरडे माळ हिरवे झाले, हे निर्विवाद. पण त्या लाभाला सातबारा लागत होता, आणि सातबाऱ्यावर जिचे नाव नाही ती पुन्हा रांगेच्या बाहेर गेली. प्रशिक्षणाच्या योजनांचीही हीच गत. ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे शिक्षण देणारी केंद्राची योजना १९७९ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे हमीचा कायदा अमलात आल्यावर सातच महिन्यांनी निघाली. तिला वयाची १८ ते ३५ ही मर्यादा होती आणि दारिद्र्याची अट होती. हमीची योजना आणि शिक्षणाची योजना एकाच गावात, एकाच कुटुंबाच्या अंगणात, एकमेकींना न ओळखता जवळजवळ वीस वर्षे नांदल्या. एक म्हणे, तू अकुशल असशील तर ये. दुसरी म्हणे, तू दरिद्री असल्याचे सिद्ध करशील तर मी तुला कुशल करीन.

२००५ मध्ये संसदेने महाराष्ट्राचा धडा समोर ठेवून राष्ट्रीय कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो देशातील २०० जिल्ह्यांत लागू झाला आणि १ एप्रिल २००८ पासून सर्व ग्रामीण जिल्ह्यांत. पंधरा दिवसांची मुदत आणि पाच किलोमीटरचे अंतर त्याने महाराष्ट्राकडून उचलले. पाच किलोमीटरच्या पलीकडे काम दिले तर मजुरी एक दशांशाने अधिक द्यावी, असेही कलम त्यात घातले. हमी मात्र व्यक्तीची न राहता कुटुंबाची झाली, आणि वर्षाला शंभर दिवसांची झाली. शंभराच्या पुढचे दिवस महाराष्ट्राने आपल्या खर्चाने चालू ठेवले. व्यक्तीकडून कुटुंबाकडे हक्क सरकणे मला प्रगतीचे पाऊल वाटत नाही, कारण कुटुंबाचे शंभर दिवस कोणी वापरावयाचे हे घरात कोण ठरवितो, ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु या कायद्याने घरोघरी जे रोजगारपत्रक दिले, त्याचा एक उपयोग त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनी नसेल. २०१४ साली ग्रामीण तरुणांसाठी सुरू झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत, दारिद्र्याच्या यादीत नाव नसतानाही प्रवेश मिळण्याची जी काही दारे ठेवली गेली, त्यांतील एक असे आहे की, उमेदवाराच्या कुटुंबातील कोणीही मागील आर्थिक वर्षात रोजगार हमीच्या कामावर निदान पंधरा दिवस राबलेले असावे.

हे प्रशिक्षण पुष्कळदा निवासी असते. राहण्याजेवण्याचा खर्च सरकारचा, आणि केंद्र जिल्ह्याच्या गावी किंवा त्याहूनही लांब, दहा मैलांच्या कितीतरी पलीकडे. माण-खटावची, आष्टी-पाटोद्याची एखादी मुलगी शिवणयंत्रावर, रुग्णसेवेच्या वा संगणकाच्या वर्गात दाखल होण्यासाठी पहाटेच्या एसटीत बसते, तेव्हा तिच्या पिशवीत शाळेच्या दाखल्याबरोबर आईचे रोजगारपत्रकही असते. आणि अर्ज तपासणारा कारकून पात्रतेच्या रकान्यात, पाझर तलावाच्या कामावर तिच्या आईने उचललेल्या मातीचे पंधरा दिवस मोजून लिहितो.